स्टीन्स पर्वतावरील रानघोडे

घोडा म्हटला कीं लगाम, खोगीर आणि स्वार हीं तिन्ही एकदम डोळ्यांपुढें उभीं राहतात. टांग्याचा असो, लष्करांतला असो कीं वरातींतला असो, घोडा हा माणसाच्या हुकुमांत वागणारा प्राणी, अशीच आपली समजूत असते. परंतु पृथ्वीच्या पाठीवर अजून अशीं कांहीं स्थळें आहेत कीं, जेथें घोड्याच्या तोंडांत लगाम नाहीं, खुरांना नाल नाहीं आणि चंदीची वेळ सांभाळणारा मोतद्दारही नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं ओरेगॉन संस्थानाच्या आग्नेय भागांत स्टीन्स नांवाचा पर्वत आहे. त्याच्या उतारांवर आणि पायथ्याच्या उजाड माळांवर रानघोड्यांचे कळप आजही स्वच्छंदपणें फिरतात. त्यांचें रान कसें आहे, ते तेथें कोठून आले, त्यांचा जीवनक्रम कसा चालतो, आणि त्यांच्या पायीं त्या देशांत कोणता अवघड प्रश्न उभा राहिला आहे, हें या लेखांत थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम त्या प्रदेशाची ओळख करून घेऊं. तेथील लोक त्यास 'उंचावरील वाळवंट' म्हणतात. वाळवंट या शब्दासरशीं तापलेल्या वाळूच्या टेकड्या आणि उंटांची रांग आपल्या मनांत येते. पण येथें तसें कांहीं नाहीं. या भागांतील बर्न्स हें गांव समुद्रसपाटीपासून चार हजार फुटांहून अधिक उंचीवर आहे. हिंवाळ्यांत येथें बर्फ पडतें आणि कडाक्याच्या थंडीनें ओढे गोठून जातात. उन्हाळ्यांत दिवसा ऊन भाजून काढतें, तर त्याच रात्रीं अंगावर घोंगडी घ्यावी लागते. मग यास वाळवंट कां म्हणावें? पाऊस नाहीं म्हणून. पश्चिमेकडील पॅसिफिक महासागरावरून येणारे ढग वाटेंत कॅस्केड नांवाच्या उंच पर्वतरांगेस अडतात आणि आपलें बहुतेक पाणी तिच्या समुद्राकडील अंगावर रितें करतात. रांग ओलांडून पूर्वेस येणारा वारा कोरडा असतो. महाबळेश्वरीं दोनशें इंचांहून अधिक पाऊस कोसळत असतां थोड्याच अंतरावरील माण तालुक्यांत वीस इंचांची वाट पहावी लागते, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस हा पर्जन्यछायेचा चमत्कार वेगळा समजावून सांगावयास नको. बर्न्सच्या आसपास वर्षाकाठीं पाऊस व बर्फ मिळून दहा-अकरा इंच पाणी पडतें. आणि स्टीन्स पर्वताच्या पूर्वेस असलेल्या आल्व्हर्ड नांवाच्या सपाट मैदानांत तर अवघें सात इंच.

स्टीन्स पर्वताची घडण मोठी विलक्षण आहे. सुमारें दीड कोटि वर्षांहून पूर्वीं या भागांत जमिनीच्या भेगांतून लाव्हारसाचे लोट बाहेर पडले आणि काळ्या दगडाचे थरावर थर सांचले. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणही याच रीतीनें, पण त्याहून पुष्कळ आधीं बनलेला आहे. पुढें भूमि ताणली जाऊन तिला लांबच लांब तडे गेले, आणि एका तड्याच्या कडेनें हा सबंध प्रचंड ठोकळा एका अंगास वर उचलला गेला. त्यामुळें पर्वताची पश्चिमेची बाजू हळूहळू चढत जाते. मनुष्य चढतो आहे हें त्यास फारसें जाणवत नाहीं. पण माथ्यावर, ९,७३३ फुटांच्या उंचीवर, येऊन पूर्वेकडे पहावें तों पायांखालीं पांच हजार फुटांवर खोल आल्व्हर्डचें पांढुरकें मैदान दिसतें. हिमयुगांत या पर्वतावर हिमनद्या होत्या. त्यांनीं घासून कोरलेल्या प्रचंड दऱ्या आजही तशाच आहेत. त्यांपैकीं एकीचें नांव कायगर दरी. हें नांव पुढें पुन्हां येणार आहे, तें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

माथ्यावरील बर्फ उन्हाळ्यांत सावकाश वितळतें आणि त्याचे ओढे पश्चिमेकडे वाहूं लागतात. पण या ओढ्यांना समुद्र कधींच भेटत नाहीं. त्यांचें पाणी मॅल्यूर नांवाच्या उथळ सरोवरांत जातें आणि तेथून उन्हानें वाफ होऊन निघून जातें. या भूमीवर उगवणारी मुख्य वनस्पति म्हणजे सेजब्रश नांवाचें करड्या-रुपेरी पानांचें झुडूप. पाऊस पडून गेला कीं साऱ्या माळावर त्याचा उग्र वास दरवळतो. आपल्याकडे चैत्रांत जो सुवासिक दवणा बाजारांत येतो, त्याच्याच कुळांतलें हें झाड होय. या झुडपांच्या मधून मधून झुबक्यांनीं वाढणारें गवत असतें. तें आपल्या माळावरील गवतासारखें सलग पसरत नाहीं. एक झुबका, मग हातभर उघडी जमीन, मग दुसरा झुबका, अशी त्याची रीत. या उघड्या दिसणाऱ्या जमिनीवरही शेवाळ, दगडफूल व सूक्ष्म जीव यांची एक पातळ खपली असते. ती माती धरून ठेवते आणि वाऱ्यानें उडूं देत नाहीं. ही खपली बनण्यास अनेक वर्षें लागतात. मोडण्यास मात्र एक टाप पुरते. या रानाची सारी श्रीमंती अशी काटकसरीनें, कणाकणानें जमलेली आहे. तें दिसण्यांत दणकट, पण वस्तुतः फार नाजूक आहे, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनाचें मूळ आहे.

आतां घोड्यांकडे वळूं. घोड्याची मूळ जन्मभूमि कोणती असें विचारलें तर पुष्कळजण अरबस्तान किंवा मध्य आशिया हें उत्तर देतील. खरें उत्तर उत्तर अमेरिका हें आहे. सुमारें साडेपांच कोटि वर्षांपूर्वीं तेथील अरण्यांत कोल्ह्याएवढा, पुढच्या पायांना चार व मागच्या पायांना तीन बोटें असलेला एक प्राणी पाला खाऊन राहत असे. रानें विरळ होऊन गवताळ मैदानें वाढलीं तसतसा त्याचा वंशज उंच होत गेला, त्याचे दांत गवत चघळण्याजोगे बळकट झाले, आणि बोटें कमी कमी होत शेवटीं एकच उरलें. तें बोट म्हणजेच आजचा खूर. या स्थित्यंतराच्या मधल्या पायऱ्यांचे अवशेष ओरेगॉन संस्थानांतच जॉन डे नदीच्या खोऱ्यांतील खडकांत सांपडले आहेत. पुढें अमेरिका व आशिया यांना जोडणाऱ्या जमिनीच्या पट्टीवरून हे घोडे आशियांत उतरले आणि तेथून जगभर पसरले. आणि नंतर, सुमारें दहा हजार वर्षांपूर्वीं, खुद्द जन्मभूमींत त्यांचा वंश बुडाला. हवामान पालटलें म्हणून, कीं नव्यानें आलेल्या मनुष्यानें त्यांची शिकार केली म्हणून, कीं दोन्ही कारणांनीं, याविषयीं शास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

तिकडे आशिया-युरोपच्या सीमेवरील गवताळ मैदानांत मनुष्यानें घोडा माणसाळविला, आणि तो राजेरजवाड्यांचा व सैन्यांचा आधार झाला. इ. स. १४९३ मध्यें कोलंबसानें आपल्या दुसऱ्या सफरींत घोडे जहाजांवर घालून वेस्ट इंडीज बेटांवर नेले. १५१९ मध्यें कोर्तेस हा स्पॅनिश सेनापति सोळा घोडे घेऊन मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला. १५९८ पासून न्यू मेक्सिकोंत स्पॅनिश वसाहत झाली. तेथून कांहीं घोडे विकत, कांहीं लुटींत, तर कांहीं दावें तोडून असे बाहेर पडले; आणि तद्देशीय लोकांनीं त्यांस इतक्या लवकर आपलेंसें केलें कीं, गोरा मनुष्य पुष्कळ ठिकाणीं पोहोंचला त्यापूर्वींच त्याचा घोडा तेथें पोहोंचला होता. अशा रीतीनें हजारों वर्षांच्या वनवासानंतर घोडा आपल्या माहेरीं परत आला. या निर्धनी जनावरांस स्पॅनिश लोक जें नांव देत, त्याचाच अपभ्रंश होऊन 'मस्टँग' हा शब्द बनला. मराठींत 'मोकाट' या शब्दानें जें समजतें तेंच त्यानें समजावें.

येथें एक शंका येण्याजोगी आहे. ज्याचे पूर्वज पाळीव होते, त्यास 'रानघोडा' म्हणावें काय? काटेकोर शास्त्रदृष्टीनें पाहतां हे घोडे रानटी नव्हेत, तर रानावलेले आहेत. पण त्यांच्या बाजूनें बोलणारे म्हणतात कीं, ज्या भूमींत या जातीचा उगम झाला तेथें तिला परकी कसें म्हणावें? हा नुसता शब्दाचा वाद नाहीं. परकी म्हटलें तर हांकलून देण्याचा अधिकार येतो, आणि तद्देशीय म्हटलें तर रक्षण करण्याचें कर्तव्य येतें.

स्टीन्स पर्वताभोंवतीं घोड्यांची संख्या वाढली ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. १८७२ मध्यें पीटर फ्रेंच नांवाचा तरुण कॅलिफोर्नियांतून बाराशें गुरें हांकीत या खोऱ्यांत आला आणि त्यानें अफाट मोठें गोधन उभें केलें. हिंवाळ्यांत घोडे शिकविण्यासाठीं त्यानें बांधलेलें वर्तुळाकार कोठार अजून उभें आहे. गुराखी लोक आपले घोडे थंडीच्या दिवसांत माळावर सोडीत आणि वसंतांत गरजेपुरते धरून आणीत; उरलेले तेथेंच राहत. पुढें मोटारी व ट्रॅक्टर आले, घोड्यांची गरज संपली, आणि कित्येकांनीं आपले घोडे कायमचे सोडून दिले. म्हणून आजच्या कळपांत शेतीच्या, लष्कराच्या व स्वारीच्या घोड्यांचें रक्त मिसळलेलें आहे. पर्वताच्या दक्षिण अंगाचे कळप अबलख रंगाच्या घोड्यांविषयीं प्रसिद्ध आहेत.

परंतु १९७७ मध्यें एक आश्चर्य घडलें. बीटीज ब्यूट या ओसाड भागांतून घोडे धरून आणीत असतां, कांहीं घोडे इतरांहून निराळे आहेत असें सरकारी अधिकाऱ्यांच्या ध्यानांत आलें. त्यांचा रंग वाळलेल्या मातीसारखा पिंगट. मानेपासून शेपटीपर्यंत पाठीवरून गेलेली एक काळी रेघ. पायांवर झेब्र्यासारखे आडवे पट्टे. आणि कानांच्या कडा काळ्या. हीं सारीं प्राचीन स्पॅनिश घोड्यांचीं लक्षणें होत. पुढें रक्ताची परीक्षा झाली तेव्हांही तोच संबंध दिसून आला. मग या घोड्यांस इतरांपासून वेगळे करून स्टीन्स पर्वताच्या परिसरांत दोन निराळ्या ठिकाणीं सोडण्यांत आलें. हेतु हा कीं, एका ठिकाणीं रोगराई किंवा वणवा आला तरी वंश बुडूं नये. यांपैकीं एक ठिकाण कायगर दरीच्या जवळ असल्यामुळें या घोड्यांस कायगर मस्टँग हें नांव पडलें. २००२ सालीं निघालेल्या 'स्पिरिट' नांवाच्या चित्रपटांतील घोडा ज्यास पाहून रेखाटला, तो याच जातीचा होता.

रानघोड्यांचा कळप लांबून पाहतां नुसता घोळका वाटतो. पण तो अनेक कुटुंबांचा मिळून झालेला असतो. एका कुटुंबांत साधारणपणें एक नर, कांहीं घोड्या आणि त्यांचीं शिंगरें असतात. चालतांना पुढें बहुधा एखादी अनुभवी घोडी असते. पाणी कोठें आहे, बर्फ पडूं लागल्यावर कोणत्या घळींत आसरा मिळेल, हें तिला ठाऊक असतें. नर मागें किंवा बाजूस राहून राखण करतो आणि परक्या नरास जवळ येऊं देत नाहीं. दोन नर समोरासमोर आले म्हणजे लगेच लढाई होते असें मात्र नाहीं. प्रथम ते मान वांकवून एकमेकांस हुंगतात, खिंकाळतात, जमीन उकरतात. लिदीचे ढीग हुंगून कोण येऊन गेला याचा अंदाज घेतात. बहुधा एवढ्यावरच एकाची माघार होते. तसें न झालें तर मात्र लाथा व दांत यांचें खरें युद्ध जुंपतें. दोन-तीन वर्षांचे झाले कीं तरुण नरांस कुटुंबाबाहेर पडावें लागतें. असे बिनघरचे नर एकत्र टोळी करून राहतात, आपसांत लुटुपुटीच्या लढाया खेळतात, आणि कुटुंब मिळविण्याची संधि शोधीत असतात. तरुण घोड्याही बहुधा जन्माचें कुटुंब सोडून दुसऱ्या कुटुंबांत जातात. त्यामुळें जवळच्या नात्यांत संतति होणें पुष्कळ अंशीं टळतें.

घोडी अकरा महिने गाभण राहते आणि वसंतांत कोंवळें गवत फुटण्याच्या सुमारास वितें. शिंगरूं जन्मल्यावर तासा-दोन तासांत लटपटत्या पायांनीं उभें राहतें, आणि त्याच दिवशीं आईबरोबर चालूं लागतें. जेथें डोंगरी सिंह टपलेला असतो, तेथें यास उशीर करून भागत नाहीं. उन्हाळ्यांत कळप माशा चुकविण्यासाठीं वाऱ्याच्या उंच कड्यांवर चढतात, हिंवाळ्यांत खालीं उतरतात. त्यांच्या अंगावर दाट लव येते. ते पुढच्या खुरांनीं बर्फ उकरून खालचें वाळलेलें गवत खातात, आणि पाणी गोठलें तर बर्फच चाटून तहान भागवितात. एरव्हीं एका घोड्यास दिवसाकाठीं आठ-दहा गॅलन पाणी लागतें, आणि तें मिळविण्यासाठीं त्यास कित्येक मैल चालावें लागतें. म्हणूनच या घोड्यांचे खूर दगडावर झिजून नाल मारल्यासारखे कठीण झालेले असतात.

त्यांच्या खाण्याचीही एक विशेष गोष्ट सांगण्याजोगी आहे. गाय रवंथ करणारी. ती गवत गिळते, मग निवांत बसून चघळते, आणि त्यांतील सत्त्व पुरतें काढून घेते. घोडा रवंथ करीत नाहीं. त्याचें गवत पोटांतून पुढें जाऊन मोठ्या आंतड्याच्या आरंभीं असलेल्या पिशवींत आंबतें आणि लवकर बाहेर पडतें. या रीतीनें सत्त्व कमी मिळतें. पण त्यामुळें गाय तोंड लावणार नाहीं असें राठ गवतही घोड्यास चालतें, मात्र तें पुष्कळ लागतें. दिवसाचे चौदा-पंधरा तास तो चरत असतो. शिवाय गाईस वरच्या जबड्यांत पुढचे दांत नसतात, तर घोड्यास वर-खालीं दोन्हीकडे असतात. त्यामुळें तो गवत अगदीं मुळापर्यंत कुरतडूं शकतो. निकृष्ट रानांत टिकून राहण्याचें हें त्याचें सामर्थ्य. आणि त्याच्याविरुद्धच्या तक्रारीचें मूळही हेंच.

ही तक्रार जुनी आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत गुरें पाळणारे लोक रानघोड्यांस गवतचोर समजत. त्यांस गोळ्या घालीत, किंवा पकडून खाटिकखान्यांत विकीत; त्यांच्या मांसापासून कोंबड्यांचें व कुत्र्यांचें खाद्य बनविलें जाई. पुढें विमान खालून उडवून घोड्यांस डोंगरांतून सपाटीवर हांकावयाचें, तेथें मोटारींनीं पाठलाग करून दमवावयाचें, गळ्यांत जड टायर बांधलेला फास टाकावयाचा, आणि अर्धमेल्या स्थितींत ट्रकांत कोंबावयाचें, ही रीत पडली.

१९५० मध्यें नेवाडा संस्थानांतील रीनो शहराजवळ एक बाई सकाळीं आपल्या कचेरीस चालली होती. तिचें नांव व्हेल्मा जॉन्स्टन. लहानपणीं पोलिओ होऊन तिला कित्येक महिने प्लास्टरांत जखडून रहावें लागलें होतें, आणि त्यानें तिचा चेहरा व पाठ कायमची वांकडी झाली होती. तिच्यापुढें चाललेल्या एका ट्रकांतून रक्त ठिबकत होतें. तिनें ट्रकाचा पाठलाग केला. आंत खाटिकखान्याकडे नेले जात असलेले जखमी रानघोडे होते. ती साधी कचेरींतली कारकून. तिच्यापाशीं ना पैसा ना अधिकार. पण त्या दिवसापासून तिनें माहिती गोळा केली, छायाचित्रें मिळविलीं, सभांतून साक्षी दिल्या. विरोधकांनीं उपहासानें तिला 'रानघोडी अ‍ॅनी' असें नांव ठेविलें; तिनें तेंच नांव अभिमानानें धारण केलें. १९५२ मध्यें तिच्या जिल्ह्यांत व १९५५ मध्यें तिच्या संस्थानांत विमानानें घोडे हांकण्यास बंदी झाली. पण नेवाडांतील बहुतेक जमीन मध्यवर्ती सरकारची असल्यामुळें ही बंदी तेथें लागूं पडेना. तेव्हां तिनें थेट राजधानीकडे मोर्चा वळविला. देशभरच्या शाळांतील मुलांनीं आपापल्या प्रतिनिधींस पत्रांचा पाऊस पाडला. १९५९ मध्यें सरकारी जमिनीवर मोटारी व विमानें वापरून घोडे पकडण्यास आणि पाणवठ्यांत विष घालण्यास मनाई करणारा कायदा झाला. तो अपुरा ठरला, तेव्हां पुन्हां पत्रें गेलीं. आणि १५ डिसेंबर १९७१ रोजीं, कायदेमंडळाच्या दोन्ही सभागृहांत एकमतानें मंजूर झालेल्या रानघोडे व रानगाढवें यांच्या संरक्षणाच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनीं सही केली. व्हेल्मा जॉन्स्टन १९७७ मध्यें निवर्तली. ज्या वर्षीं कायगर घोड्यांचा शोध लागला तेंच हें वर्ष.

गोष्ट येथें संपती तर किती बरें झालें असतें! परंतु खरा अवघड भाग येथूनच सुरू होतो. १९७१ मध्यें सरकारी जमिनीवर सुमारें २५,००० रानघोडे व रानगाढवें होतीं. डोंगरी सिंह कांहीं ठिकाणीं शिंगरें मारतो. पण लांडगा बहुतेक भागांतून नाहींसा झालेला, आणि मनुष्याचे हात कायद्यानें बांधलेले. अशा स्थितींत कळप दर वर्षास शेंकडा १५ ते २० या मानानें वाढतो. शेंकडा २० म्हणजे किती, हें विद्यार्थ्यांनीं चक्रवाढ व्याजाच्या रीतीनें करून पहावें: आज १०० घोडे असतील तर पहिल्या वर्षअखेर १२०, मग १४४, मग १७३, आणि चौथ्या वर्षाच्या शेवटीं २०७. म्हणजे चार वर्षांत दुप्पट! गवत मात्र तेवढेंच राहतें. सरकारी हिशेबाप्रमाणें हें रान सुमारें २५,५०० जनावरांस पुरेल इतकेंच आहे. २०२० मध्यें संख्या ९५,००० च्या वर गेली. त्यानंतर पुष्कळ घोडे काढून घेतल्यावरही २०२५ च्या वसंतांत ती सुमारें ७३,००० होती.

यांतून होणारी हानि अशी. झुबक्याचें गवत पुन्हां पुन्हां मुळापर्यंत खाल्लें गेलें कीं मरतें. मातीवरील खपली टापांखालीं मोडते. त्या उघड्या जागीं 'चीटग्रास' नांवाचें एक परदेशी गवत शिरतें. तें वसंतांत झटपट वाढतें, उन्हाळा लागतांच वाळून कोळ होतें, आणि एका ठिणगीनें पेटतें. वणव्यांत सेजब्रश जळालें तर त्यास बुडख्यापासून पुन्हां फुटवा येत नाहीं. चीटग्रास मात्र पुढच्या वर्षीं दुप्पट जोमानें उगवतें. सेजब्रशाचा पालाच ज्याचें हिंवाळ्याचें अन्न आहे असा सेज ग्राऊस नांवाचा पक्षी त्यामुळें निराधार होतो. दुष्काळांत आटलेल्या झऱ्यांवर घोडे ठाण मांडून बसतात, आणि हरणासारखे भित्रे प्राणी तहानलेले दूर उभे राहतात. उलटपक्षीं, कांहीं वाळवंटांत घोडे व गाढवें खुरांनीं वाळू उकरून पाणी काढतात आणि त्या खड्ड्यांचा लाभ इतर प्राण्यांस होतो, असेंही संशोधकांनीं पाहिलें आहे. शिवाय या हानीचा सर्व दोष घोड्यांच्या माथीं मारणें न्यायाचें नाहीं. रानघोड्यांस राखलेलें क्षेत्र सुमारें २ कोटि ७० लक्ष एकर आहे, तर खाजगी गुरांस परवान्यानें चरावयास दिलेली सरकारी जमीन १५ कोटि एकरांहून अधिक आहे. आणि चीटग्रास तर एकोणिसाव्या शतकांत, गुरांच्या अतिचराईच्या काळींच, पसरूं लागलें होतें.

वाढलेले घोडे कमी करण्यासाठीं सरकारी खातें हेलिकॉप्टरच्या साह्यानें त्यांस हांकून कुंपणाच्या चिंचोळ्या वाटेंत आणतें. तोंडाशीं एक शिकविलेला घोडा सोडलेला असतो. तो आंत धांवतो आणि त्याच्यामागून सारा कळप आंत येतो. धरलेल्या घोड्यांपैकीं कांहीं लोक दत्तक घेतात; चांगल्या हातांत पडल्यास हे घोडे उत्तम स्वारीचे होतात. परंतु दत्तक घेणारे थोडे व घोडे फार. निरोगी घोड्यांस ठार मारणें जनतेस मान्य नाहीं. यामुळें साठ हजारांहून अधिक घोडे व गाढवें आज सरकारी वाड्यांत व भाड्याच्या कुरणांत पोसलीं जात आहेत. २०२३ च्या आर्थिक वर्षांत या सर्व कार्यास सुमारें १५ कोटि ७० लक्ष डॉलर लागले, आणि त्यांतील दोन-तृतीयांशांहून अधिक रक्कम या बंदिवान जनावरांच्या पोषणांतच गेली. मोकळेपणासाठीं ज्यांस वांचविलें, त्यांतील जवळजवळ निम्मे आज कुंपणाआड आहेत.

दुसरा एक उपाय म्हणजे संततिनियमनाची लस. डुकरिणीच्या अंडाच्या आवरणापासून काढलेलें एक द्रव्य घोडीस टोंचतात. तिचें शरीर त्याविरुद्ध प्रतिकारक द्रव्य तयार करतें, आणि तेंच तिच्या स्वतःच्या अंडास चिकटून गर्भधारणा होऊं देत नाहीं. ही लस लांबून बंदुकीच्या बाणानें मारतां येते. घोडीस पकडावें लागत नाहीं, व कुटुंबही मोडत नाहीं. अटलांटिक किनाऱ्यावरील अ‍ॅसाटीग या बेटावर १९८० नंतरच्या दशकापासून हा प्रयोग यशस्वी झाला आहे. पण तेथील घोडे थोडे, आणि बेट चिमुकलें. शेंकडों मैल पसरलेल्या डोंगराळ वाळवंटांत प्रत्येक घोडी ओळखून तिला वरचेवर लस टोंचणें हें फार कष्टाचें काम आहे.

कायगर घोड्यांच्या रानांत कळप लहान ठेवण्याची पद्धति चालू आहे. ठरावीक वर्षांनीं सर्व घोडे धरावयाचे, वंशाचीं लक्षणें व आरोग्य पाहून निवडक परत सोडावयाचे, आणि बाकीचे दत्तक द्यावयाचे. या जातीस मागणी पुष्कळ असल्यामुळें तें साधतें. तरीही शंका राहतेच. इतक्या थोड्या घोड्यांत वंश निरोगी राहील काय? आणि ज्यांचे नर-मादी मनुष्यानेंच निवडावयाचे, त्यांचें रानटीपण कितपत खरें? असल्या प्रश्नांचें उत्तर एकट्या शास्त्रानें मिळत नाहीं. आपणांस त्या रानापासून काय हवें आहे, हें लोकांनींच ठरवावयाचें असतें.

विद्यार्थ्यांनीं या वृत्तान्तांतून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. शाळेंतील मुलांनीं लिहिलेल्या पत्रांनीं एका मोठ्या देशाचा कायदा घडविण्यास साह्य केलें, ही पहिली. मुक्या प्राण्याविषयींची कळकळ व्यर्थ जात नाहीं, हें त्यावरून दिसतें. दुसरी गोष्ट अशी कीं, कळकळीनें कायदा झाला तरी त्यापुढचें काम हिशेबाचें व चिकाटीचें आहे. दर वर्षीं घोडे मोजणें, गवताचा झुबका किती उरला तें पाहणें, जळालेल्या माळावर सेजब्रशाचें बीं पेरणें, एकेका घोडीची नोंद ठेवणें, हीं कामें वर्तमानपत्रांत गाजत नाहींत. स्टीन्स पर्वतावर शास्त्रज्ञ, सरकारी नोकर, गुराखी आणि घोड्यांवर प्रेम करणारे स्वयंसेवक हीं कामें आज करीत आहेत, पुष्कळदां एकमेकांशीं भांडत भांडत. त्यांचें जमेल तोंवर उन्हाळ्यांत त्या उतारांवर पिंगट घोडे व त्यांचीं शिंगरें दिसत राहतील.